डायलिसिस, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल: बाबांना द्यायच्या का?

मृगधारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बाबांचं डायलिसिस चालू आहे, सांगलीत, आठवड्यातून तीनदा चार-चार तास, आणि आता त्याला बरीच वर्षं झाली. शुगर जुनी, हातात फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) आहे, तो चांगला चालतो. मध्यंतरी आत्याच्या मिस्टरांच्या ओळखीतले एक गृहस्थ घरी आले आणि सांगून गेले की डायलिसिसवाल्यांच्या अंगात 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' भयंकर असतो, त्यानेच हार्ट खराब होतं, त्यानेच अशक्तपणा येतो, रक्त वाढत नाही वगैरे. त्यावर उपाय म्हणून एका ज्यूसची बाटली आणि कॅप्सूलचा डबा ठेवून गेले. महिन्याचा खर्च ऐकून आई गप्पच झाली, पण बाबांना आशा वाटायला लागलीये आणि मला तेच जड जातंय. डॉक्टरांना विचारलं तर ते राऊंडवर होते, 'नको, काही देऊ नका' म्हणाले आणि पुढच्या बेडकडे गेले.

माझे प्रश्न साधे आहेत. हा स्ट्रेस खरंच असतो का? डायलिसिसमुळे तो वाढतो का? आणि वाढत असेल तर कॅप्सूल देण्यात वाईट काय? नुसतं 'नको' सांगून बाबा ऐकणार नाहीत, त्यांना कारण लागतं.

कंदीपेढा

वाचतोय. आमच्या काकूंनाही असंच कुणीतरी काहीतरी आणून दिलं होतं. जाणकारांच्या प्रतिसादाच्या प्रतीक्षेत.

परीक्षानळी

ताई, त्या गृहस्थांचं निम्मं बोलणं खरं आहे, म्हणूनच तर ते पटतं. मी बायोकेमिस्ट्री शिकवायचो, आता रिटायर आहे, तेव्हा पहिल्या निम्म्याबद्दल लिहितो.

आपण घेतलेला ऑक्सिजन पेशीत वापरला जाताना त्यातला थोडा अर्धवट राहतो आणि त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे चिडके रेणू बनतात. ते नुसते वाईट नसतात, पांढऱ्या पेशी जंतू मारतात ते याच हत्यारांनी. त्यांना आवरायला शरीराकडे ग्लुटाथायोन असतं, व्हिटॅमिन सी आणि ई असतं, सेलेनियम आणि झिंक लागणारी एन्झाइम्स असतात. हा तोल बिघडला, बनणं जास्त आणि आवरणं कमी झालं की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. ही कल्पना नीट मांडली ती हेल्मुट सीस या जर्मन शास्त्रज्ञाने, १९८५ साली.

आता किडनी फेल झालेल्या माणसात हा तोल डायलिसिसच्या आधीपासूनच बिघडलेला असतो, कारण रक्तात साठलेली टॉक्सिन्स, शुगर, सतत धुमसणारी सूज. डायलिसिस सुरू झाल्यावर दोन्ही बाजूंनी भर पडते. एक म्हणजे रक्त शरीराबाहेर जाऊन डायलायझरच्या, म्हणजे मशीनला लावलेल्या फिल्टरच्या, हजारो बारीक नळ्यांतून फिरतं. गावात परका माणूस शिरला की कुत्री जशी भुंकत सुटतात तशा पांढऱ्या पेशी त्या परक्या पृष्ठभागाला बघून खवळतात आणि आपली हत्यारं रिकामी करतात. मारायला जंतू नसतोच, मग तो मारा रक्तातल्या चरबीवर, प्रोटीनवर आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर पडतो. दुसरं म्हणजे व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळणारं आणि रेणू लहान, त्यामुळे युरियाबरोबर तेही मशीनमधून निघून जातं. म्हणजे हल्ला वाढला आणि ढालही गेली.

बॅकबेंचर

सर तुम्ही आमच्या कॉलेजला का नव्हता. एटीकेटी वाचली असती.

दुसरीशिफ्ट

मी स्वतः पेशंट आहे, दुपारच्या शिफ्टला जातो, म्हणून नाव असं. परीक्षानळी सरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक विचारायचंय. डायलिसिसहून आल्यावर जो गळाठा येतो, म्हणजे जिना चढवत नाही, बोलायला नको वाटतं, संध्याकाळभर नुसतं पडून राहावंसं वाटतं, तो या स्ट्रेसमुळेच असतो का? कारण मलाही एका नातेवाइकाने हेच सांगितलं होतं.

आणि मृगधाराताई, बाबांना आशा वाटतेय म्हणालात ते मनाला लागलं. आमच्या युनिटला प्रत्येकाच्या पिशवीत असलं काहीतरी असतं. कुणाकडे काढा, कुणाकडे पावडर, कुणाकडे 'परदेशी' थेंब. चार तास खुर्चीत बसल्यावर माणसं एकमेकांना हेच सांगत असतात. त्यात लबाडी नसते हो, भीती असते.

शिफ्टइनचार्ज

दादा, मी डायलिसिस टेक्निशियन आहे, उत्तर देतो. आल्यावरचा गळाठा एकट्या या स्ट्रेसमुळे नसतो. दोन डायलिसिसच्या मध्ये तीन-साडेतीन किलो वजन वाढवून आलात तर ते पाणी चार तासात ओढून काढावं लागतं. मग बीपी पडतं, तिसऱ्या-चौथ्या तासाला पोटरीत गोळा येतो, ब्रदर येऊन पाय दाबून धरतो, पंजा वर ढकलतो, सलाईन सोडतो, तुम्ही हे बघितलं असेलच. गळाठ्याचा मोठा भाग त्या ओढाताणीचा असतो. पण दोन्हीचा संबंध आहे. बीपी पडलं की हृदयाला, आतड्याला थोडा वेळ रक्त कमी मिळतं, आणि पुन्हा मिळायला लागलं की त्याच क्षणी त्या चिडक्या रेणूंची लाट येते. दर वेळी हे होत राहिलं तर हृदयाचा स्नायू हळूहळू कमजोर होतो. म्हणून आम्ही वजन वाढवू नका, मीठ कमी करा म्हणून डोकं खातो. मीठ कमी केलं की तहान आपोआप कमी लागते.

आता ज्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष नसतं ती सांगतो. पाणी. डायलिसेट, म्हणजे फिल्टरच्या पडद्यापलीकडून फिरणारं द्रावण, मिनिटाला ५०० मिली वाहतं, चार तासात १२० लिटर. आठवड्याला ३६० लिटर पाणी तुमच्या रक्ताच्या शेजारून जातं, मधे फक्त एक पातळ पडदा. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, काही ठिकाणी क्लोरामाइन, आणि हे दोन्ही स्वतःच ऑक्सिडंट. ते शोषून घेणारा कार्बन टँक संपलेला असेल आणि ते पुढे गेलं तर लाल पेशी सरळ फुटतात, पेशंटचं रक्त एकदम उतरतं. जगात बऱ्याच ठिकाणी असे प्रकार घडलेत. म्हणून रोज पहिल्या शिफ्टच्या आधी क्लोरीनची टेस्ट करायची असते. पुराच्या दिवसात पाणी गढूळ येतं, क्लोरीन जास्त टाकतात, तेव्हा तर डोळ्यात तेल घालून.

दुसरं, आरओचं, म्हणजे गाळून शुद्ध केलेलं, पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी पाइपात जीवाणू वाढतात, ते मेल्यावर त्यांच्या कवचाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, पडद्यातून पलीकडे जाऊ शकतात. ताप येईल इतके नसले तरी पांढऱ्या पेशी चिडवायला पुरतात. साध्या डायलिसिसच्या पाण्याला मिलिलिटरमागे जीवाणूंच्या १०० वसाहतींच्या आत चालतं, अल्ट्राप्युअर म्हणजे ०.१ च्या आत. हजारपट फरक आहे. ताई, बाबांच्या युनिटला पाण्याचा कल्चर (जीवाणूंची तपासणी) आणि एंडोटॉक्सिनचा रिपोर्ट मागा. दर महिन्याला असायला हवा. मागण्यात काही गैर नाही, चांगलं युनिट आनंदाने दाखवतं.

कंदीपेढा

बाप रे. पाण्याचा विचार कधी केलाच नव्हता. ज्यूसपेक्षा पाण्याचा रिपोर्ट महत्त्वाचा!

वनौषधी

सगळे ॲलोपथीवाले लगेच धावून आले. सरांनी स्वतःच लिहिलंय की व्हिटॅमिन सी निघून जातं. मग जे निघून जातं ते भरून काढायला नको? आवळा आपल्याकडे हजारो वर्षं खातात. निसर्गात सगळं दिलेलं आहे, तुम्हाला फक्त गोळीवर विश्वास आहे. रोज सकाळी आवळा रस, हळद आणि गव्हांकुर, कुणाचं काय बिघडणार आहे?

औषधवाला_नाशिक

वनौषधी, तुमचा पहिला मुद्दा अगदी बरोबर आहे आणि म्हणूनच बहुतेक नेफ्रॉलॉजिस्ट बी कॉम्प्लेक्स, फॉलिक ॲसिड आणि थोडं सी असलेली गोळी लिहून देतातच, डायलिसिस झाल्यानंतर घ्यायची. पण 'थोडं' म्हणजे दिवसाला साधारण ६० ते १०० मिलीग्रॅम. केमिस्टकडे मिळणारी चघळायची नारिंगी गोळी ५०० मिलीग्रॅमची असते. निरोगी माणसाचं जास्तीचं सी लघवीतून जातं. इथे लघवीच नाही. शरीर त्या सी चं ऑक्सलेट नावाचं क्षारासारखं द्रव्य करतं, ते साठतं, आणि सांध्यात, हाडात, रक्तवाहिन्यांत, हृदयात जाऊन बसतं. तेव्हा निघून गेलेलं भरा, पण मापानं.

रसात आणखी दोन भानगडी. एक म्हणजे पोटॅशियम, दुसरं पाणी. गव्हांकुर, नारळपाणी, नोनी, मिक्स फ्रूट, सगळ्यात पोटॅशियम. हृदय बंद पडायला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसला वर्षं लागतात, पोटॅशियमला एक रात्र पुरते. फोडणीतली चिमूटभर हळद खुशाल खावी, पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या, हळदीतही ऑक्सलेट असतंच. आणि मृगधाराताई, डब्यावर व्हिटॅमिन ए लिहिलंय का बघा. किडनी बंद असताना ए साठत जातं, म्हणून बाजारातली सरसकट मल्टिव्हिटॅमिनसुद्धा डायलिसिसला चालत नाही.

मांडवीकाठ

फळांवरून आठवलं म्हणून लिहितोय, अवांतर वाटलं तरी वाचा, जीव वाचेल. आमच्या गोव्यात आणि कोकणात परसात करमलाचं झाड असतं. पाच कोपऱ्यांचं आंबट फळ, शहरात कमरख किंवा स्टारफ्रूट म्हणून मिळतं. मिठाबरोबर खातात, लोणचं घालतात, आणि हल्ली 'अँटिऑक्सिडंटने भरपूर' म्हणून त्याचा ज्यूसही विकतात. किडनीच्या पेशंटने याची एक फोडसुद्धा खाऊ नये. त्यातलं विष किडनी चांगली असेल तर बाहेर जातं, नसेल तर मेंदूत चढतं. आधी न थांबणारी उचकी लागते, मग उलट्या, भ्रम, झटके, आणि माणसं दगावलेली आहेत. ब्राझीलच्या संशोधकांनी ते द्रव्य २०१३ साली वेगळं काढलं, कॅरॅम्बॉक्सिन त्याचं नाव. असं काही झालं तर ताबडतोब डायलिसिस लावावं लागतं.

त्याचीच बहीण बिलिंबी, आमची बिमलां. केरळात तिचा रस कोलेस्टेरॉल कमी व्हायला म्हणून प्यायलेल्या माणसांच्या किडन्या ऑक्सलेटमुळे बंद पडल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात. वनौषधी, निसर्गात सगळं आहे हे खरं, त्यात हेही आहे.

ऑरेंजसिटी

मांडवीकाठ, हे माहीतच नव्हतं बावा. आमच्याकडे शाळेसमोर गाडीवर मिळते कमरख, तिखट-मीठ लावून. लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं. आमचा ग्रुप पहिल्यांदाच काही कामाचं बघून राहिला.

मला एक विचारायचंय, संत्र्याचं काय? आमचे भाऊजी डायलिसिसवर आहेत आणि डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या माणसाला संत्रं नको म्हणणं म्हणजे फारच झालं.

औषधवाला_नाशिक

संत्र्यात पोटॅशियम आहे. त्यांचा डायलिसिसच्या आधीचा पोटॅशियमचा आकडा बघून आहारतज्ज्ञ ठरवतात, ५ च्या आत राहत असेल तर कधीमधी दोन-चार फोडी चालतातही. रस मात्र नाही, एका ग्लासात तीन-चार संत्री जातात. भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून देऊन मग फोडणीला टाकायच्या. बटाट्याला तर हे हवंच.

लेस्टरची_लेक

मी इंग्लंडमध्ये रीनल नर्स आहे, माहेर इचलकरंजी. सगळ्यांनी आहारावर चांगलं लिहिलंय, पण मृगधाराताईंचा तिसरा प्रश्न राहिलाच, की कॅप्सूलने फायदा होतो का. ट्रायल झालेल्या आहेत, त्याच सांगते.

२००० साली इस्रायलमध्ये १९६ डायलिसिस पेशंटवर व्हिटॅमिन ई ची ट्रायल झाली. सगळे आधीच हृदयविकार असलेले, रोज ८०० युनिट. हृदयाच्या घटना ई घेणाऱ्यांत १६ टक्के, न घेणाऱ्यांत ३३ टक्के. २००३ साली जर्मनीत १३४ पेशंटवर ॲसिटिलसिस्टीनची झाली, तिथेही हृदयाच्या घटना कमी झाल्या. हे वाचून कुणालाही वाटेल की चला, सापडलं. पण दोन्ही ट्रायल लहान आणि दोन्हीत एकूण मृत्यू काही कमी झाले नाहीत. मग २०१४ साली अमेरिकेत ३५३ पेशंटना सहा महिने टोकोफेरॉल, म्हणजे ई च्याच जाती, आणि अल्फा लिपॉइक ॲसिड देऊन बघितलं, सूज आणि ऑक्सिडेशनच्या खुणांवर काही फरक पडला नाही. डायलिसिस अजून लागलेलं नाही अशा शुगरच्या किडनी पेशंटमध्ये बार्डोक्सोलोन नावाचं औषध आलं होतं, शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा जागी करणारं. मोठ्या अपेक्षा होत्या. त्याची ट्रायल २०१२ साली मधेच थांबवावी लागली, कारण हार्ट फेल्युअर वाढलं.

त्यामुळे 'स्ट्रेस आहे' इथपर्यंत सगळे शास्त्रज्ञ एकमताने आहेत. 'गोळीने जातो' हे कुणालाही दाखवता आलेलं नाही. त्या गृहस्थांनी पहिलं वाक्य सांगितलं आणि दुसरं सिद्ध झाल्यासारखं विकलं. बाबांना हे असं सांगून बघा.

मृगधारा

किती मनापासून लिहिताय सगळे. रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. पाण्याचा भाग त्यांना फार पटला, कारण ते स्वतः पाणीपुरवठ्यात नोकरीला होते! म्हणाले, कार्बन टँक कधी बदलला ते मी विचारतोच. डब्यावर बघितलं, व्हिटॅमिन ए आहे, सी ५०० आहे, आणि ज्यूसमध्ये नोनी.

पण आता त्यांचा नवीन प्रश्न: आयर्नची इंजेक्शनं देतात ती या स्ट्रेसला वाढवतात का? त्यांनी कुठेतरी वाचलंय की लोह म्हणजे आगीत तेल, आणि आता इंजेक्शन नको म्हणायला लागलेत.

परीक्षानळी

रसायनशास्त्राच्या दृष्टीने बाबा बरोबर आहेत. मोकळं लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतो, सगळ्यात विध्वंसक, फेंटनची अभिक्रिया म्हणतात तिला. म्हणूनच शरीर लोह कधी मोकळं सोडत नाही, ट्रान्सफेरिनला बांधून नेतं आणि फेरिटिनमध्ये बंद करून ठेवतं. शिरेतून एकदम लोह सोडलं तर थोडा वेळ काही भाग मोकळा राहू शकतो. हे इतकं खरं. पण टेस्टट्यूबमध्ये जे दिसतं ते पेशंटमध्ये किती आणि कुठल्या दिशेने, हे ट्रायलच सांगते. लेस्टरताई?

लेस्टरची_लेक

सर, याचं उत्तर आमच्याकडेच निघालंय. ब्रिटनमध्ये पिव्होटल नावाची ट्रायल झाली, निकाल २०१९ साली छापून आला, २१४१ पेशंट, सगळे वर्षभरात डायलिसिस सुरू झालेले. एका गटाला दर महिन्याला ४०० मिलीग्रॅम लोह शिरेतून, फेरिटिन (लोहाचा साठा) ७०० च्या वर किंवा सॅच्युरेशन (ट्रान्सफेरिन लोहाने किती भरलंय ते) ४० टक्क्यांवर गेलं की थांबवायचं. दुसऱ्या गटाला लोह फारच कमी झालं तरच द्यायचं. सगळ्यांना भीती हीच होती की जास्त लोहवाल्यांचं हृदय बिघडेल, इन्फेक्शन वाढतील. झालं उलट. त्यांच्यात मृत्यू आणि हृदयाच्या घटना मिळून थोड्या कमीच होत्या, इन्फेक्शन सारखीच, रक्त वाढवणारी इपोची इंजेक्शनं कमी लागली, रक्त कमी चढवावं लागलं.

तेव्हा बाबांना सांगा इंजेक्शन बंद करू नका, पण आकडा माहीत असू द्या. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन दर तीन महिन्यांनी. आणि ताप किंवा इन्फेक्शन चालू असेल तर तेवढ्यापुरतं लोह थांबवतात, ते युनिटला आठवण करून द्यायला हरकत नाही.

दुसरीशिफ्ट

माझं हिमोग्लोबिन इपो घेऊनही ९ च्या वर जाईना, तेव्हा सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) केलं, ते खूप आलं. शोधता शोधता निघालं काय, तर हिरड्या. दातांचे डॉक्टर म्हणाले हिरड्यांत पू आहे. दोन दात काढले, साफ केलं, आणि पुढच्या काही महिन्यांत हिमोग्लोबिन चढलं. अंगात कुठेतरी इन्फेक्शन लपलेलं असलं की लोह आणि इपो दोन्ही वाया, हे तेव्हा कळलं.

शिफ्टइनचार्ज

दादांनी फार मोलाचं लिहिलं. हिरड्या, पायाची न भरणारी जखम, जुना निकामी फिस्टुला, आणि सगळ्यात मोठं म्हणजे मानेतला कॅथेटर. परमकॅथ वर्षानुवर्षं ठेवणारे पेशंट बघतो तेव्हा जीव तुटतो. फिस्टुला करून घ्या, दोन-तीन महिन्यांत तयार होतो.

आणि तंबाखू. गावाकडच्या आज्या दोन्ही वेळ मिश्री लावतात, विचारलं तर म्हणतात व्यसन नाही, दात घासते. तीही तंबाखूच आणि हिरड्याही जातात. रोज फुकट मिळणारा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आहे तो.

बॅकबेंचर

माझ्या आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, 'त्या पोराला सांग, माझी किडनी ठणठणीत आहे.' डबी मात्र मोकळी केली.

कोथरूडकर

चर्चा उत्तम, पण डायलायझरच्या रियुजबद्दल कुणी बोललं नाही. तोच फिल्टर धुऊन पुन्हा वापरतात त्याने हे वाढत नाही का? आणि व्हिटॅमिन ई चा थर दिलेला डायलायझर मिळतो म्हणे, तो वापरावा का?

शिफ्टइनचार्ज

रियुज करताना पेरासिटिक ॲसिड वापरतात, ते स्वतः तिखट ऑक्सिडंट आहे. नीट धुऊन, तपासणीची स्ट्रिप लावून, अंश शिल्लक नाही बघूनच पेशंटला लावायचं असतं. ती स्ट्रिप तुमच्या डोळ्यांसमोर लावायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. सिंगल यूज परवडत असेल तर बरंच. पण ज्याला सरकारी योजनेत डायलिसिस मिळतं त्याने रियुज आहे म्हणून घाबरून फेरी चुकवू नये. चुकलेली फेरी सगळ्यात वाईट.

ई वाल्या डायलायझरमध्ये रक्ताच्या तपासण्या थोड्या सुधारलेल्या दिसतात, आयुष्य वाढल्याचं दाखवता आलेलं नाही आणि महाग आहे. जुने सेल्युलोजचे पडदे होते तेव्हा सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटांत पांढऱ्या पेशींचा आकडा धाडकन खाली यायचा, इतकं ते रक्ताला खुपायचं. आता पॉलिसल्फोनसारखे सिंथेटिक पडदे सगळीकडे आहेत, तो मोठा फायदा आपल्याला आधीच मिळालाय.

परीक्षानळी

याला जोडून एक. १९७४ साली सिएटलच्या स्क्रिब्नर यांच्या गटाने लिहिलं होतं की दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांच्या रक्तवाहिन्या लवकर कडक होतात, हार्ट ॲटॅक लवकर येतात. हेच ते स्क्रिब्नर, ज्यांच्या शंटमुळे (हातात कायम ठेवायच्या नळीमुळे) १९६० साली पुन्हा पुन्हा डायलिसिस करणं शक्य झालं. आधी माणूस जगवला, मग जगलेल्याचं पुढे काय होतं ते बघितलं. ऑक्सिडाइझ झालेलं कोलेस्टेरॉल हे त्यातलं एक कारण, कॅल्शियम-फॉस्फरस दुसरं. बाबांना फॉस्फरस कमी करणारी गोळी जेवणाबरोबर चालू आहे ना? ती जेवणानंतर तासाभराने घेऊन उपयोग नाही.

दुसरीशिफ्ट

सर, माझ्या उजव्या हाताची तीन बोटं रात्री बधिर होतात, झोपेतून उठून हात झटकावा लागतो. तेही यातच येतं का?

परीक्षानळी

येऊ शकतं. बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन नावाचं प्रोटीन साध्या डायलिसिसमध्ये नीट निघत नाही, ते साठून मनगटात नस दाबतं. जपानी संशोधकांनी १९८५ मध्ये ते ओळखलं, आणि साखर व ऑक्सिडेशनमुळे ते प्रोटीन बदललेलं असतं हे पुढे त्यांनीच दाखवलं. मनगटाची नर्व्ह टेस्ट करून घ्या, लांबवू नका. छोट्या ऑपरेशनने आराम पडतो. फिस्टुला कुठल्या हातात आहे ते सर्जनला आधी सांगा.

लेस्टरची_लेक

आणि तुमच्या युनिटला हाय फ्लक्स (मोठ्या छिद्रांच्या पडद्याचा) डायलायझर किंवा एचडीएफ (हिमोडायफिल्ट्रेशन, डायलिसिसचाच एक प्रकार) मिळतंय का विचारा. असली मोठी प्रोटीन्स त्यात जास्त निघतात. युरोपात १३६० पेशंटवर झालेल्या ट्रायलमध्ये, २०२३ साली निकाल आला, भरपूर मात्रेच्या एचडीएफवर मृत्यू १७.३ टक्के, हाय फ्लक्सवर २१.९. त्याला पाणी मात्र अल्ट्राप्युअरच लागतं, म्हणजे पुन्हा शिफ्टइनचार्जदादांच्या मुद्द्यावर आलो.

वनौषधी

करमलाचं वाचून मी दोन दिवस लिहिलं नाही. माझ्या ओळखीत किडनीचा त्रास असलेले दोघं आहेत, त्यांना सांगितलं. तरीही म्हणेन की तुमच्या डॉक्टर लोकांनी दोन मिनिटं थांबून 'का नको' ते सांगितलं असतं तर माणसं दुसरीकडे गेलीच नसती. या ताईंनाही ते इथे येऊन विचारावं लागलं.

औषधवाला_नाशिक

शंभर टक्के सहमत.

लेस्टरची_लेक

+१. इथे एका पेशंटला वेळ देता येतो, तिकडे एका डॉक्टरामागे तीन शिफ्ट असतात. तरी विचारायचं सोडू नका.

ऑरेंजसिटी

ट्रान्सप्लांट झालं की हा स्ट्रेस जातो का? भाऊजींचं नाव अजून लिस्टमध्ये टाकलं नाही, घरात नुसती चर्चा चालू आहे.

परीक्षानळी

पूर्ण नाही पण बराच उतरतो. किडनी चांगली चालायला लागली की त्याच्या खुणा कमी होतात. ते चर्चेत ठेवू नका, नाव नोंदवा. तुमच्या नागपुरातच झेडटीसीसीचं (अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राचं) ऑफिस आहे, हॉस्पिटलमार्फत नोंदणी होते.

मृगधारा

काल बाबांबरोबर डॉक्टरांना भेटले, या वेळी अपॉइंटमेंट घेऊन. तुमच्या प्रतिसादांतून प्रश्न कागदावर लिहून नेले होते. ते चकितच झाले, खुर्ची ओढून बसले आणि नीट बोलले. ज्यूस आणि कॅप्सूल बंद. सी असलेली बी कॉम्प्लेक्स चालूच होती, ती डायलिसिसनंतर घ्यायची. फेरिटिन ३८०, सॅच्युरेशन २४, म्हणजे इंजेक्शन चालू राहणार. सीआरपी पहिल्यांदाच करायला दिलंय. ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) अर्धा किलो कमी करून बघणार आहेत, कारण बाबांच्या पायावर संध्याकाळी सूज असते. आईने लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली आहे, बाबांचा हात पोचत नाही तिथे.

पाण्याचा रिपोर्ट मिळाला, कल्चर आहे, एंडोटॉक्सिनचं मात्र तीन महिने केलेलं नाही. बाबांनी तिथल्या इनचार्जशी अर्धा तास कार्बन टँकवर चर्चा केली आणि ठरलं की या आठवड्यात सॅम्पल पाठवायचं. शिफ्टइनचार्जदादा, सॅम्पल कुठून घ्यायला सांगू?

शिफ्टइनचार्ज

ताई, तीन ठिकाणांहून. आरओच्या लगेच पुढे, लूप, म्हणजे मशीनना पाणी पुरवणारा पाइप, जिथे परत येतो तिथून, आणि एखाद्या मशीनच्या डायलिसेटमधून. नुसतं आरओजवळचं घेतलं तर ते नेहमी चांगलंच येतं, घाण पाइपात असते. लूपचं निर्जंतुकीकरण करायच्या आधी घ्यायला सांगा, झाल्यावर लगेच नको. रिपोर्ट आला की इथे टाका, बघू.